बटण दाबलं की माणसं येतात

पद्मजाबाई दीक्षितांनी एकतीस वर्षं शनिवार पेठेतल्या शाळेत भूगोल शिकवला. "प्रश्न दोनदा वाचा, मग पेन उचला," या त्यांच्या वाक्याची मुली मधल्या सुट्टीत नक्कल करायच्या. स्वतःच्या घरातले कागद मात्र त्या एकदाही वाचत नसत. फॉर्म गॅसचा असो की दातांच्या दवाखान्याचा, नंबर यजमानांचा जायचा. कर्त्या माणसाचा नंबर द्यायचा, ही सासूबाईंच्या वेळची रीत. स्वतःचा नंबर त्यांना पाठही नव्हता. लागायचा कुणाला?

दिवाळीनंतर सलोनी नावाची मुलगी बिबवेवाडीच्या फ्लॅटवर आली. ज्येष्ठांसाठी सेवा, भिंतीवर लाल बटण, वर्षाची वर्गणी.

"मॅडम, काही झालं तर फक्त प्रेस करा. आमची टीम लगेच ॲक्शन घेते."

ॲक्शन म्हणजे नेमकं काय, हे विचारायची पद्मजाबाईंना लाज वाटली. त्यांनी मान डोलावली आणि बारा पानी कागदावर सही केली. नंबरच्या रकान्यात सवयीने यजमानांचा नंबर गेला.

यजमान, यज्ञेश्वरराव, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे आता पडायचं तेही बटण बघून."

मंगळवारी सकाळी ते पडले. बाथरूमच्या दारात, बटणापासून चार पावलांवर. तोंड डावीकडे ओघळलेलं, डावा हात परक्या माणसाचा असावा तसा पडलेला. "अहो," त्या म्हणाल्या. उत्तरात नुसता घोगरा आवाज आला.

त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. अकरा वाजून पाच मिनिटं. आता माणसं येतील. त्यांनी दाराची कडी काढली, स्ट्रेचरला अडू नयेत म्हणून चपला बाजूला सारल्या, रिपोर्टांची फाइल पिशवीत टाकली आणि यजमानांचं डोकं मांडीवर घेऊन जिन्याकडे कान लावला.

बाहेरच्या खोलीत यज्ञेश्वररावांचा मोबाइल वाजू लागला. कर्ज हवंय का विचारणारे असतील. त्यांनी उठून तो कट केला आणि सोबत घेऊन परत खाली बसल्या. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. जिन्यात पाऊल वाजेना. मांडीवरचं डोकं जड होत चाललं होतं. अकरा सतरा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी कानाला लावला.

"यज्ञेश्वर सर बोलतायत का? सर, आपल्या घरून इमर्जन्सी अलर्ट आलाय. आपण घरी पोहोचू शकता का?"

पद्मजाबाईंनी दाराकडे पाहिलं.

"तेच पडलेत," त्या म्हणाल्या. "तुमची माणसं कुठं आहेत?"

"मॅडम, आपल्या प्लॅनमध्ये आम्ही घरच्यांना कळवतो. ॲम्ब्युलन्सचा प्लॅन वेगळा असतो. पान सातवर दिलंय."

म्हणजे कुणीच निघालेलं नव्हतं. बारा मिनिटं त्या ज्यांची वाट पाहत होत्या, ती माणसं नव्हतीच. फोन पिशवीत कोंबून त्या अनवाणी समोरच्या श्यामसुंदर पाठकांच्या दारावर धावल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. पाठकांनी एकशे आठला फोन लावला.

दवाखान्यात यजमानांना स्ट्रेचरवरच तपासत होते. "किती वाजता झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अकरा पाच. त्यातली बारा मिनिटं मी घालवली."

डॉक्टरीणबाईंनी फक्त वेळ लिहून घेतली. पाठक खाली औषधं आणायला गेले. सिस्टरने फॉर्म पुढे केला. नातेवाईकाचा मोबाइल नंबर, दहा चौकोन. पद्मजाबाईंच्या हाताने सवयीने पहिले तीन आकडे भरले, आणि हात थांबला. तो फोन त्यांच्याच पिशवीत होता, आणि त्याचा मालक समोर पडला होता. त्यांचा स्वतःचा फोन ओट्यावर राहिला होता. कितीही आठवलं तरी नंबर येईना.

"आजी, लवकर. आत न्यायचंय."

यज्ञेश्वरराव हे सगळं बघत होते. त्यांचा उजवा हात हलला. चादरीवर बोटाने त्यांनी एक आकडा काढला. मग दुसरा. पद्मजाबाईंनी आधीचे तीन खोडून वर नवे लिहायला घेतले. प्रत्येक आकडा दोनदा बघून, मगच.

नऊ आकडे झाले. बोट चादरीवर टेकलेलं राहिलं. सिस्टरने स्ट्रेचरचा ब्रेक काढला. दहाव्या चौकोनावर पेन धरून पद्मजाबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या.