मागून म्हणणारी बाई

मिशन बंगल्यातल्या परदेशी मॅडम मायदेशी परत निघाल्या, तेव्हा त्यांनी आमच्या ह्यांना गाण्याची एक तबकडी दिली. हे शाळेत मास्तर, आणि छावणीतल्या आमच्या चर्चच्या भजनमंडळीचे मुख्य गाणारे. तबकडीपायी औरंगपुऱ्यातून एक जुना रेकॉर्ड प्लेयर घरी आला, आणि माझ्या सकाळची शांतता गेली ती गेलीच.

मॅडमनी सांगितलं होतं, याला गॉस्पेल ब्लूज म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची भजनंच ही. गाणारा आंधळा. रस्त्याच्या कडेला उभा राहून गिटारवर देवाचं गायचा. आवाज म्हणाल तर कढई खरवडल्यासारखा. देव याला गळा द्यायलाच विसरला, असं मी कणीक मळता मळता म्हणायची आणि हे चिडायचे. आमच्या मंडळीत मृदंग वाजवणारे बिडकीनचे काका मात्र पहिल्यांदा ऐकताना मांडीवर ठेका धरून बसले. मग म्हणाले, "लई भोगलेला माणूस दिसतोय." भाषा त्यांनाही कळत नव्हती.

मला त्या तबकडीत दुसरीच कुणी आवडायची. गाणारा ओळ अर्ध्यावर सोडून द्यायचा आणि मागून एक बाई ती पुरी करायची. कुठं मिरवणं नाही, वरचढ होणं नाही. वेष्टनावर तिचं नावसुद्धा नव्हतं. ही कोण, म्हणून मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, असेल घरातलीच कुणी. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही.

पुढं ह्यांच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही देवाचे आभार मानले. पण आवाज गेला. वर्गात शिकवण्यापुरता खरखरीत परत आला, गाण्याचा आलाच नाही. ज्यांच्या पहिल्या ओळीला अख्खं चर्च सरसावून बसायचं, ते आता मागच्या बाकावर बसून ओठही हलवत नव्हते. मला ते बघवेना. जिला मी इतकी नावं ठेवली, ती तबकडी एका सकाळी मीच लावली. ह्यांनी उठून ती बंद केली नाही, एवढंच.

नाताळाच्या तोंडावर पाचोडच्या मंडळीचं भजनाचं बोलावणं आलं. ह्यांनी साफ नकार दिला. तेव्हा बिडकीनचे काका येऊन समोर मांडी ठोकून बसले.

"मास्तर, त्या आंधळ्या बाबाचा गळा तरी कुठं धड व्हता? तरी तुमी त्येच्यावर जीव टाकताच की."

मास्तरांनी भजनाची वही काढली. आम्ही पाचोडला गेलो.

दुपारी मांडवात भजन सुरू झालं. आमच्याकडं बायका एका बाजूला बसून टाळ्या वाजवतात. मुख्य गाणाऱ्याची ओळ उचलायची ती मंडळीतल्या पुरुषांनी. ह्यांनी पहिली ओळ धरली आणि अर्ध्यातच आवाज फाटला. मृदंग चालूच राहिला. ओळ पुरीच झाली नव्हती, तर पुरुष उचलणार काय? समोरची माणसं ओशाळून खाली बघायला लागली. मी काही ठरवलं नव्हतं, पण उरलेली अर्धी ओळ माझ्या तोंडून बाहेर पडली. शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. ह्यांनी मान वळवून पाहिलं. तेवढ्यात पुरुषांनी ओळ उचलली आणि भजन सावरलं.

मग ह्यांनी दुसरी ओळ धरली. या वेळी आवाज खरखरत का होईना, नीट चालला होता. इतक्या वर्षांच्या संसारात तो कुठं तुटायला येतो, ते मला ऐकूनच कळतं. तो तुटायला आला नव्हता. ओळ शेवटपर्यंत सहज गेली असती. हे मुद्दाम अर्ध्यावर थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले.