चुकत चुकत शिकवणारी सत्यवती

नागपुरात हुडकेश्वरला आमच्या समोरच्या घरात सत्यवती राहते. एका खासगी शाळेत ती अकरा वर्षं गणित शिकवत होती, तेही तासिकेवर. दर जूनला नवा अर्ज, दर एप्रिलला रामराम. कायम व्हायचं, एवढी एकच इच्छा तिने कधी कुणापासून लपवली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिने मोबाइलवर व्हिडिओ करायला सुरुवात केली. मसाल्याच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, पाटीवर खडूने गणित मांडायचं, मागे कुकरच्या शिट्ट्या. मध्येच तिचा हात थांबायचा.

"थांबा पोरंहो, चुकली मी. कुठी चुकली, सांगा बरं?"

ती खरोखरच चुकलेली असायची. पाटीकडे पाहत बसायची आणि चूक सापडली की स्वतःलाच हसायची. "हे पाहा, चिन्ह बदलवाचं राहून गेलं. तुमचंही इथंच राहून जाते."

रामटेककडच्या खेड्यांतली पोरं हे पाहायची. अपेक्षा नावाची दहावीतली एक मुलगी तर रोज लिहायची, 'म्याडम, आजची चूक मले तुमच्या आधी सापडली!'

शाळेच्या संचालकांच्या कानावर हे गेलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं. "शाळेच्या नावाने दहा व्हिडिओ करा. चांगले झाले तर तुम्हाला कायम करू. पण ते स्वयंपाकघर, त्या चुका, असलं काही नको. शाळेची इज्जत असते."

ती तिथून थेट माझ्याकडे आली. "काका, तुम्ही तीस वर्षं नाटकात काढले. मले तयार करा."

काय सांगू, मला कोण आनंद झाला! झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, मंडपात माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा गळा माझा. कितीतरी वर्षांनी कुणीतरी ती विद्या मागायला आलं होतं. तीन आठवडे रोज चार वाजता तालीम घेतली. मान वर. खांदे मागे. वाक्याच्या शेवटी आवाज पाडायचा नाही. गणितं तोंडपाठ. खडू अडखळला की मी टाळी वाजवायचो, पुन्हा पहिल्यापासून!

"काका, चुकू तं द्या. पोरं तिथंच जागी होतात."

"अवं, रंगमंचावर चुकायचं नसते! चुकला नट की प्रेक्षक गेला."

तिने पाटी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं. तिला नोकरी हवी होती आणि माझं म्हणणं तिला खरं वाटत होतं.

शहरातल्या सदर भागातल्या एका स्टुडिओत दहा व्हिडिओ झाले. निळी साडी, पांढरा फळा, कुठे खाडाखोड नाही. मी कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसले. संचालकांच्या सांगण्यावरून तिने जुने सगळे व्हिडिओ काढून टाकले.

नवे कुणी शेवटपर्यंत पाहिले नाहीत. अपेक्षाने एकदाच लिहिलं, 'म्याडम, तुम्ही आता भाषण देऊन राहिल्या. माझं कुठी चुकते ते समजत नाही.'

जूनमध्ये ती कायम जागा दुसऱ्याच बाईंना मिळाली. संचालक सत्यवतीला म्हणाले, "तुमच्यात आता आपलेपणा वाटत नाही हो." तासिकेचा अर्जसुद्धा त्यांनी घेतला नाही.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेलो. दोष माझा आहे, तिचा नाही, असं हात जोडून सांगितलं. त्यांनी चहा मागवला. "अरे वा, तिला तुम्ही तयार केलं? काय सफाई होती! आमच्या स्नेहसंमेलनाला मुलांना शिकवाल का?"

घरी येऊन मी ते सत्यवतीला सांगितलं. सांगायला नको होतं.

"घ्या ना काका ते काम," ती म्हणाली. "तुमची शिकवण पक्की आहे. आठ दिवसांपासून पाटी घेऊन बसून राहिली मी. मोबाइल सुरू झाला की मान आपोआप वर जाते. आता मले चुकताच येत नाही."

मी शाळेला नकार कळवला. तिने त्यावर नुसतं "बरं" म्हटलं. हल्ली ती सदरला एका कापडाच्या दुकानात बसते.