अंकुशचा डावा पाय

पंधरा वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही – आणि माझ्या बायकोला माझा शर्ट कुठल्या खिळ्याला अडकून फाटला तेसुद्धा माहीत असतं. कॉलेजातल्या सोबत्यांना माहीत नाही. ज्याचं नुकसान केलं, त्यालाही नाही. आज सांगणार आहे. मध्येच पाणी प्यायला म्हणून उठलो तर पुन्हा पळालो असं समजा, म्हणून तांब्या जवळच घेऊन बसलो आहे.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात क्रीडा शिक्षक होतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात जो उठला तो एकच बोलला – सरांची नजर. सर रस्त्यानं जाता जाता खेळाडू हेरतात. खरंच हेरायचो. पोरगा बॉल कसा मारतो हे मी फारसं पाहायचोच नाही. बॉल त्याच्याजवळ नसतो तेव्हा तो काय करतो, ते पाहायचो. उभ्या उभ्या कंबर खाजवतो, की जागा शोधतो? अर्धा निकाल तिथेच लागायचा. या नजरेचा मला गर्व होता. अजून आहे – आज तरी खोटं कशाला बोलू?

तर नजर चुकली, असं या गोष्टीत झालेलं नाही. तसं झालं असतं तर बरं होतं.

आधी आमची एक रीत सांगायला हवी. बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे लगीनसराई सुरू व्हायची. प्रत्येक कॉलेजचा क्रीडा शिक्षक पिशवीत प्रवेशाचे फॉर्म घालून पोरं पाहायला निघायचा. मी तिवस्यापासून अकोल्यापर्यंत फिरायचो, एकदा तर जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत धारणीला गेलो होतो. होस्टेल देतो, फी माफ करतो, पोराकडे लक्ष ठेवतो – हे सगळेच सांगायचे. शेवटी निघायचे बूट. फुटबॉलचे कोरे बूट पोराच्या हातात ठेवायचे, आणि त्यानं घेतले की पोरगा तुमचा. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. बूट घेतलेल्या पोराच्या घरी मग दुसरा शिक्षक चहालाही जात नसे.

अंकुश मला अकोल्यात दिसला. शहराबाहेर त्यांचा मळा होता, बाप शामराव फुलं पिकवायचे आणि बाजारात विकायचे. पोरगा डाव्या पायाचा. डाव्या बाजूनं, म्हणजे लेफ्ट विंगवरून, बॉल घेऊन असा निघायचा की त्याला अडवणारा कुठल्या कुठे राहायचा. आणि बॉल नसताना? एक क्षण उभा नाही. मी त्या मैदानावर दहा मिनिटं पाहिलं आणि सोबत आलेल्याला म्हटलं, चल, याचं घर शोधू.

त्या घरी मी तीनदा गेलो. आलू-वांग्याची भाजी खाल्ली, मळ्यात फिरलो, त्याच्या आईशी तिच्या पोटदुखीबद्दल बोललो. तिसऱ्या वेळी बूट दिले. अंकुशनं ते घेतले, बसल्या बसल्या घालून पाहिले. शामराव म्हणाले, “आता पोरगा तुमचाच समजा, सर.” मी आल्या आल्या प्राचार्यांना सांगून टाकलं. स्टाफरूममध्ये तर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

दहा-बारा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरकडून बूट परत आले. पिशवीत, स्वच्छ पुसून, वर मोगऱ्याच्या फुलांचा पुडा. शामरावांचा फोनही आला होता. आईचं ऑपरेशन ठरलं होतं, उजाडायच्या आत फुलं तोडायला घरात माणूस उरत नव्हता, म्हणून पोरानं घरून जाता येईल अशा अकोल्याच्याच कॉलेजात नाव घातलं. शामराव फोनवर तीन-तीनदा माफी मागत होते. यात त्यांचं काय चुकलं? काही नाही. तेव्हाही मला हे कळत होतं, नीट कळत होतं. पण पिशवी मी स्टाफरूममध्ये उघडली होती, आणि एकजण म्हणाला, “काय सर, नवरीनं साखरपुडा मोडला वाटते?” सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

हसण्याखाली दाबलेला तो राग मी वर्षभर सांभाळला.

दुसऱ्या वर्षी अंकुशच्या कॉलेजनं आम्हाला हरवलं. दोन्ही गोल त्याचे. सामना संपल्यावर तो धावत येऊन माझ्या पाया पडला – आणि मला तेही टोचलं. असा मी. पाया पडणाऱ्या पोराचाही राग येणारा.

त्यानंतर विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी झाली, आमच्याच कॉलेजच्या मैदानावर. या संघात नाव लागणं ही आमच्याकडच्या पोरासाठी फार मोठी गोष्ट. बाहेरच्या विद्यापीठांशी खेळायला मिळतं, मोठ्या क्लबची माणसं पाहायला येतात, आणि प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या जागेतून नोकरी लागते. मळ्यातल्या पोराला दुसरा दरवाजा नव्हताच. निवड समितीत आम्ही तिघं होतो. एक सर कबड्डीचे, एक बुद्धिबळ-कॅरमचे. फुटबॉलमधलं त्या दोघांना एवढंच कळायचं की बॉलला हात लावायचा नाही. म्हणजे यादी माझीच.

पाणी प्यालो. बसलोय अजून.

दोन संघ पाडले. मी अंकुशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, लेफ्ट विंगला पोरं पुष्कळ आहेत, तू आज राइट बॅक खेळ, चांगला खेळाडू कुठेही खेळतो. तो म्हणाला, “हो सर.” हसला. त्याला वाटलं, सर आपल्यावर भरवसा टाकून राहिले.

राइट बॅक म्हणजे उजव्या कोपऱ्यातला बचाव. डाव्या पायाच्या पोराला तिथे उभं करणं म्हणजे डावखुऱ्या माणसाला उजव्या हातानं पेपर लिहायला बसवणं आहे. प्रत्येक बॉल नको त्या पायावर येतो. आणि एवढ्यावर माझं भागलं नाही. राइट बॅकच्या समोर विरुद्ध संघाचा लेफ्ट विंग येतो. तिथे मी आमच्या कॉलेजचा, सगळ्यांत वेगानं पळणारा पोरगा टाकला. अंकुशच्या जागेवर, अंकुशच्याच विरुद्ध.

वीस मिनिटं. आमच्या पोरानं त्याला चार-पाचदा सोडून नेलं. अंकुश प्रत्येक वेळी उठला, मागे धावला. एकदा मात्र बॉल त्याच्या डाव्या पायावर आला. तो निघाला. अर्धं मैदान ओलांडून गेला, वाटेत तिघांना मागे टाकलं, आणि मारलेला बॉल गोलच्या खांबावर आपटून बाहेर गेला. कबड्डीचे सर खुर्चीतून पुढे सरकले. म्हणाले, हा पोरगा बरा वाटतो हो. मी शिट्टी वाजवली, अंकुशला ओरडलो – जागा सोडू नको. आणि सरांना म्हटलं, दिसायला बरा आहे, पण जागा सांभाळत नाही. त्यांनी मान डोलावली. नजर माझी होती ना! माझ्या नजरेवर कोण शंका घेणार?

यादी लागली. त्यात तो नव्हता. लेफ्ट विंगला आमचा पोरगा होता.

इथपर्यंतचं मी रागात केलं असं कुणी म्हणू शकेल. पुढचं नाही. यादी वाचून अंकुश माझ्याकडे आला. चिडलेला नव्हता, नुसता विचारायला आला होता. “सर, कमी कुठी पडलो मी?” तो दुसऱ्या वर्षालाच होता. पुढच्या वर्षी ये, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी त्याला बाकावर बसवलं. शांतपणे, बापानं समजवावं तसं समजवलं. म्हटलं, तुझा डावा पाय दिसायला देखणा आहे, मोठ्या खेळात तो चालत नाही. लोक तुला उगाच चढवून ठेवतात. वेळेवर थांब आणि घरच्या धंद्याकडे पाहा.

त्यानं ऐकून घेतलं. खरं सांगितलं म्हणून माझे आभार मानले.

पुढच्या वर्षीच्या चाचणीचे फॉर्म आले तेव्हा अकोल्याचा गठ्ठा मी आधी उघडला. त्याचं नाव नव्हतं. मला काय वाटलं असेल? वाईट वाटलं असं सांगायला जीभ शिवशिवते आहे. सुटल्यासारखं वाटलं. यादीतला आमचा पोरगा पुढे सरकारी नोकरीत लागला. दर गुरुपौर्णिमेला फळं घेऊन येतो. त्याचा यात काही दोष नाही, त्याला काही माहीतही नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो.

आणि हे असंच राहिलं असतं. मला माझी लाज वाटून मी बोलायला बसलो असं समजू नका, लाज पंधरा वर्षं होतीच, ती पोसूनही मी व्यवस्थित जेवत होतो.

गेल्या रविवारी अंकुश घरी आला. सोबत बारा वर्षांची मुलगी, तन्वी. मळा आता तो पाहतो, छोट्या टेम्पोतून फुलं दुकानांना पोहोचवतो, तब्येतीनं भरला आहे, बरं चाललं आहे त्याचं. तन्वी शाळेच्या संघात फुटबॉल खेळते. येत्या शनिवारी एका निवासी क्रीडा शाळेची चाचणी आहे, तिला तिथे जायचं आहे. अंकुश म्हणाला, “सर, तुमी एकटे होते ज्यायनं मले तोंडावर खरं सांगितलं. म्हणून मी येळेवर थांबलो. आता हिले पाहा. तुमी नाही म्हटलं तं मी बी नाही म्हनीन.”

आम्ही कॉलेजच्या मैदानावर गेलो. पोरीनं बॉल पायाखाली घेतला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. तोच डावा पाय. ती डाव्या पायावर बॉल घेऊन निघाली की बाहेरून अंकुश ओरडायचा – उजव्यानं, उजव्यानं. ती आज्ञाधारकपणे बॉल उजव्या पायावर घ्यायची आणि घालवायची. पुन्हा डावा, पुन्हा बापाची हाक, पुन्हा बॉल गेला. मी विचारलं, काहून रे ओरडतो तिच्यावर? तो म्हणाला, “आमच्या घरच्या डाव्या पायाचं काही खरं नाही, सर. तुमीच तं सांगितलं होतं.”

मी म्हटलं, तिला डाव्या पायानं खेळू दे, पोरगी फार चांगली आहे, शनिवारी तिला डाव्या बाजूलाच खेळू दे. तो हसला. हळूच, तिला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, “पोरीचं मन नका राखू, सर. माह्यावेळी नाही राखलं तुमी, तेच बरं केलं.”

माझ्या खोट्यावर त्याचा इतका विश्वास आहे की आता माझं खरं त्याला दया वाटते. त्याच वेळी सांगायला हवं होतं. मैदान तेच होतं, माणूस समोर होता, पोरगी बॉल उचलायला लांब गेली होती. मी काय केलं? त्यांना उसाचा रस पाजला आणि एसटीत बसवून दिलं.

आज गुरुवार आहे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मी अकोल्याला जाणार. फोन करणार नाही, फोनवर माणूस आपलं तोंड लपवू शकतो. त्याच्या मळ्यात जाईन, तो एकटा असेल तेव्हा सांगेन, आणि कुठलाही शब्द मऊ करणार नाही. मला राग आला होता म्हणून तुला राइट बॅकला टाकलं. समोर मुद्दाम आमचा पोरगा दिला. मग बाकावर बसवून खोटं बोललो, तेही थंड डोक्यानं. हे त्याला ऐकवल्याशिवाय तन्वीबद्दलचा माझा एकही शब्द तो खरा मानणार नाही, आणि शनिवारी ती पोरगी उजव्या पायानं खेळून घरी परत येईल. ते मी होऊ देणार नाही.

ऐकून तो काय करेल ते त्याचं आहे. मी त्याला काही मागणार नाही, तुम्हालाही नाही.

विद्यापीठाच्या चाचणीच्या त्या दिवशी मैदानावर तीसएक पोरं होती. यादीत पहिलं नाव अंकुशचं लिहायला हवं होतं. हे मला आज कळलेलं नाही. हातात पेन घेतला तेव्हाच मला ते माहीत होतं.