सामनेवाल्याचा नमस्कार

ॲडव्होकेट शालिनीताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांचे सहकारी लिहितील, शिष्य लिहितील, त्यांनी ज्यांना न्याय मिळवून दिला ते पक्षकार लिहितील. मी यांपैकी कोणीच नाही. माझ्या पत्नीने, सुरेखाने, घटस्फोटासाठी अर्ज केला तेव्हा ताई तिच्या वकील होत्या. कोर्टाच्या कागदांत माझा उल्लेख ‘सामनेवाला’ असा असे आणि पाच वर्षे मी तो शब्द इमानेइतबारे चालवला.

ताईंना मी प्रथम पाहिले ते महाडच्या कोर्टात. पांढरी साडी, काळा कोट, खांद्याला कापडी पिशवी. मला त्या मुळीच आवडल्या नाहीत. ही बाई माझे घर मोडायला उभी आहे, एवढेच तेव्हा दिसत होते. दुसऱ्याच तारखेला त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, “साहेब, आमचं प्रकरण आधी घ्यावं. सामनेवाले वर डोंगरातून, कुडपणहून येतात. दुपारची एसटी चुकली तर त्यांना घर गाठता येणार नाही.” माझ्या स्वतःच्या वकिलांना हे कधी सुचले नव्हते. यात नक्की काहीतरी डाव असणार, असे मी धरून चाललो. पण पाच वर्षांत एकाही तारखेला ताई हे सांगायला विसरल्या नाहीत. इतका लांबलेला डाव मी तरी पाहिलेला नाही.

मला घटस्फोट नको होता. मी प्राथमिक शिक्षक, दारू नाही, हात उगारणे नाही. मी चांगला नवरा आहे हे सारी वाडी सांगत असे. आमची एकुलती एक मुलगी अकरा महिन्यांची असताना तापाने गेली. दरड कोसळून रस्ता बंद होता, खाली पोलादपूरच्या दवाखान्यात नेताच आले नाही. त्यानंतर मी पाळणा उतरवला, तिची झबली देऊन टाकली आणि घरात तिचे नाव काढायचे नाही असे बजावले. दुःखाला हात लावला नाही की ते आपोआप भरून येते, अशी माझी समजूत. सुरेखाने त्या गप्प घरात तीन वर्षे काढली आणि मग ती माहेरी, हिरकणीवाडीला, निघून गेली.

तिच्या वडिलांनी लग्नात आंदण दिलेली गाय, तांबू, मात्र आमच्याच गोठ्यात राहिली. आई म्हणायची, “आंदान दावनीला हाय तवर सून आपलीच. कोर्टाला काय कलतंय?” मीही ते खरे मानले. शिकलेला माणूस असून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून मी ते पुराव्यासारखे सांगितले.

ताई उलटतपासणीला उठल्या. “गाईचं नाव काय?”

“तांबू.”

“आणि मुलीचं?”

नाव ओठांवर होते, पण आवाज फुटत नव्हता. समोर सुरेखा बसली होती. ती रागावलेली नव्हती. ती वाट पाहत होती. ताईंनी आणखी एकदा विचारले असते तर दावा तिथेच त्यांच्या बाजूने झुकला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “साहेब, हा प्रश्न मी मागे घेते.”

बाहेर आल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. “गुरुजी, जिंकायच्या भरात विचारून बसले. माफ करा. पण तिला तुमच्याकडून काही नकोय हो. तिला त्या घरात नुसतं रडायचं होतं.”

मी म्हणालो, “आता रडू दे. आता मीपण बोलेन. तिला विचारा.”

ताईंनी खरोखर विचारले. स्वतःच्या पक्षकाराचे नुकसान होईल का, याचा हिशेब न करता सुरेखाला माझ्यासमोर आणून उभे केले. सुरेखा म्हणाली, “आता कशाला वो? मी एकटीनंच रडून घेतलं समदं.”

त्या दिवशी मी हरलो. संमतीने घटस्फोटाच्या अर्जावर सही केली. सही करून वर पाहिले तर ताईंचे डोळे भरून आले होते.

तांबूला टेम्पोत चढवून मी हिरकणीवाडीला निघालो. तुटलेल्या सासरवाडीत एकट्याने कसे जावे, हा माझा पेच न सांगता ओळखून ताई महाडच्या नाक्यावर थांबल्या होत्या. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या त्या बाई टेम्पोत माझ्या शेजारी बसल्या. अंगणात सुरेखाने गाईचे दावे हातात घेतले. तांबूने तिचा हात हुंगला. तेव्हा मी आमच्या मुलीचे नाव घेतले. आठ वर्षांत पहिल्यांदा. सुरेखाने मान हलवली, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती गोठ्याकडे वळली. परतीच्या वाटेवर मी मुलीबद्दल सांगत राहिलो आणि ताई ऐकत राहिल्या.

आमचा गोठा आता रिकामा आहे. घरात मुलीचे नाव मात्र रोज निघते. ऐकायला आई आणि मी दोघेच असतो. ताई, तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. डोंगरातून येणाऱ्या सामनेवाल्यांची एसटी चुकू नये म्हणून तुम्ही अजून पुष्कळ वर्षे कोर्टात उभ्या राहा.

आपला,
जुईचा बाबा
कुडपण