टाळ्या ओळखणारे भाऊ

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या बळावर मोठ्या माणसाबद्दल लिहायला बसलो, याची वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण जनमत नुसत्या कानाने ओळखणारा माणूस आरमोरी तालुक्यात एकच झाला, आणि तो बाबांचा दोस्त. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. भाऊ जिल्हा परिषदेचे सदस्य होते.

धान निघालं की आमच्याकडे गावोगाव मंडपात नाटकं होतात, आणि प्रत्येक नाटकाला उद्घाटक लागतो. भाऊंनी एकही उद्घाटन सोडलं नाही. एकदा तर सख्ख्या भाचीच्या लग्नातून अक्षतांच्या आधीच उठून गेले. नारळ फोडून ते माईक धरत, तो सोडत नसत. तिकीट काढून बसलेली माणसं थोडा दम धरत, मग टाळ्या वाजवू लागत. आणखी बोला म्हणताहेत, असं भाऊंना वाटे. ते आणखी बोलत. टाळ्या वाढत. शिट्ट्या सुरू झाल्या की भाऊंचे डोळे भरून येत. पडद्यामागे ताटकळलेल्या राजाची सुटलेली मिशी पुन्हा चिकटवावी लागे. परतताना भाऊ म्हणत, "लोकं मले सोडूनच नाई राह्यले!"

आमच्या नाल्यावर पूल नव्हता. निवडणूक जवळ आली तेव्हा आई त्यांना म्हणाली, "भाऊ, पोरी पाण्यातून शाळेत जाऊन राह्यल्या. लोकं चिडले आहेत."

"वहिनी, चिडले असते त एवढ्या टाळ्या काऊन वाजवल्या असत्या?"

"टाळीनं पोरगी नाला पार करते काय?"

भाऊ मोकळं हसले, आणि चहा पिऊन पुढच्या उद्घाटनाला गेले.

निवडणुकीत ते पडले. आमच्या गावातही मागे राहिले. "टाळ्या वाजवणारे मत द्यायले आलेच नाई," एवढंच म्हणाले.

त्या हिवाळ्यात त्यांना कुणी बोलावलं नाही. मग माझ्यासोबत तिकीट काढून, शाल गुंडाळून ते मंडपात खाली बसले. नवे सदस्य माईकवर होते. बराच वेळ झाला आणि टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. भाऊंचा चेहरा उतरला. शेजारच्या म्हाताऱ्याला त्यांनी हळूच विचारलं, "लय चांगला बोलून राह्यला काय हा?"

म्हाताऱ्याने वळूनही पाहिलं नाही. टाळ्या वाजवतच म्हणाला, "कायचा चांगला! खाली बसत नाई ना. वाजवा तुमी बी. हा बरा हाय, आधीचा त हात सुजेपर्यंत बसे नाई."

भाऊंनी शालीतून हात बाहेर काढले, आणि मांडीवर तसेच ठेवले.