दोन रकान्यांत एकच आकडा

अर्जुना बंडगर भित्रा होता आणि ते तो कुणापासून लपवतही नसे. माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातून उठून तो इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर लागला, परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलं, आणि चौदा गळीत हंगाम झाले तरी हंगामीच राहिला. ऊसवाल्या गावांत आपण उपरे, तेव्हा आपण बरं आणि आपलं काम बरं, एवढंच तो धरून होता. यंदा मात्र त्याला कायम करायची फाइल निघाली होती. ती चीफ इंजिनिअर दिग्विजय साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडली होती, आणि बायकोनं, तानुबाईनं, औंधच्या यमाईला नवसही बोलून ठेवला होता.

साहेब तिशीतले, हुशार आणि स्वभावानं गरीब. रविवारी सांगलीत साखर तंत्रज्ञांची परिषद होती, तिथं पाचशे लोकांपुढं त्यांचं भाषण होतं. त्याची तालीम म्हणून गुरुवारी दुपारी त्यांनी खाली पडद्यापुढं दोन मदतनीस ठेवून बॉयलरची बाकी सगळी माणसं सभागृहात बसवली आणि हातात कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या.

"टाळ्या नकोत मला," साहेब म्हणाले. "चिठ्ठीवर एक चांगली गोष्ट लिहा आणि एक सुधारायची. नाव घालू नका. मोकळेपणानं लिहा."

मोकळेपणानं लिहा म्हटलं की आपल्याकडची माणसं आधी दाराकडं बघतात. तशी सगळ्यांनी बघितली आणि भाषण सुरू झालं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. बॉयलरमध्ये पाणी किती टक्के आहे ते खाली पडद्यावर आकड्यात दिसतं. तरी दर तासाला माणसानं साठ पायऱ्या चढून वर जायचं, तिथल्या काचेच्या नळीत पाणी डोळ्यांनी बघायचं आणि दोन्ही आकडे वहीत दोन रकान्यांत लिहायचे, पानाखाली रोज साहेबांनी सही करायची, असा नियम. साहेबांनी अख्ख्या हंगामाच्या वह्या तपासल्या होत्या. दोन्ही रकान्यांत एकदाही फरक नव्हता. म्हणून हे चढणं आता बंद करावं, आणि बाकीच्या कारखान्यांनीही करावं, असा त्यांचा निष्कर्ष.

भिंतीवर वहीचं पान उमटलं. पन्नास, पन्नास. बावन्न, बावन्न. अक्षर अर्जुनाचंच होतं. त्यानं नजर हातातल्या चिठ्ठीकडं वळवली.

कारण दर तासाला वर कुणी जातच नव्हतं. मार्चच्या उन्हात, त्या भट्टीच्या झळांत साठ पायऱ्या कोण चढणार? पडद्यावरचा आकडा बघायचा आणि दोन्ही रकान्यांत तोच उतरवायचा, ही रीत त्याच्या आधीपासूनची होती. फरक निघणार कुठून? जानेवारीत एकदा तो गळती बघायला वर गेला, तेव्हा पडद्यावर पन्नास होतं आणि काचेत पाणी तळाला टेकलं होतं. त्यानं धावपळ करून पाणी चढवलं, पडद्याला आकडा पुरवणारी अडकलेली नळी धुतली, आणि खाली येऊन लिहिलं: पन्नास, पन्नास. खरं लिहिलं असतं तर आधीचे आकडे कुठून आले, हे कुणीतरी विचारलंच असतं. पाणी संपलेल्या बॉयलरचं काय होतं, हे त्याला माहीत होतं. पेटत्या भट्टीवर नळ्या फाटतात, आणि समोर उभा असलेला माणूस ओळखू येत नाही.

शेजारी दोन नंबरच्या बॉयलरचा सिद्धू बसला होता. त्यानं अर्जुनाचं तोंड बघितलं आणि कुजबुजला, "गप ऱ्हा गड्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुजी फाइल टेबलावर हाय, इसरू नगंस."

अर्जुना विसरला नव्हता. बोललं तर फाइल जाणार, वर सर्टिफिकेटही जाणार, आणि सोबतची दहा माणसं जन्मभर नाव घेणार नाहीत. न बोललं तर रविवारी पाचशे जण हे ऐकून आपापल्या कारखान्यात जाणार. शेवटी त्यानं भित्र्या माणसाचा मार्ग काढला. चिठ्ठीवर लिहिलं, "आवाज चांगला आहे. काच बघणं बंद करू नये." कारण लिहिलं नाही.

साहेबांनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. आवाज चांगला, चित्रं चांगली, थोडं सावकाश बोला. मग एका चिठ्ठीशी ते थांबले. तीन महिने त्यांनी तेच अक्षर वाचलं होतं. त्यांनी नाव घेतलं नाही, पण नजर बरोबर अर्जुनावर आली.

"का बंद करू नये? ज्यानं लिहिलंय त्यानं सांगावं. मी रागावणार नाही."

अर्जुना उठला. त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"भाषण लय चांगलं हाय, साहेब," तो म्हणाला. "पर वहीत फरक न्हाई, कारण आमी काच बघितलीच न्हाई. दोनी आकडे पडद्यावरचेच हायत. जानेवारीत फरक पडला हुता. त्यो बी म्या लिवला न्हाई."

साहेब रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरत गेला.

"मी या सोमवारपासूनच दोन नंबरवर काच बघणं बंद करायला सांगितलंय," साहेब हळू आवाजात म्हणाले. "सिद्धू, तू तरी एकदा वर गेलास ना?"

सिद्धूनं मान खाली घातली.

मग सगळे दोन नंबरकडं पळाले. साठ पायऱ्या अर्जुना कधी चढला ते त्याला कळलं नाही. जिन्याजवळच्या पडद्यावर पन्नास दिसलं होतं. वर त्यानं काचेखालची तोटी उघडून नळी वाफेनं साफ केली, तोटी मिटली आणि वाट बघितली. पाणी आलं. तळापासून जेमतेम एक बोट, बाराच्या खुणेवर.

"जाळ कमी करा," तो वरून ओरडला. "पाणी दिसतंय अजून. हळू सोडा."

पाऊण तासानं काच निम्म्यावर आली. साहेब लोखंडी पायरीवर बसून होते, घामानं भिजलेले. त्यांनी वही मागवली आणि अर्जुनापुढं धरली.

"मघाचे दोन्ही आकडे लिही."

अर्जुनानं पेन घेतलं. पहिल्या रकान्यात पन्नास लिहिलं, आणि त्याच झपाट्यात दुसऱ्या रकान्यातही हातानं पन्नास लिहून टाकलं. लिहून झाल्यावर त्यानं ते बघितलं आणि त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती तेवढी स्वतःच्या हाताची भीती वाटली. तो खोडायला गेला.

"पूर्ण खोडू नकोस," साहेब म्हणाले. "एक रेघ मार, शेजारी खरा आकडा लिही आणि सही कर. रविवारी मी हेच पान दाखवणार आहे. आणि आधीच्या पानांवरची, काच न बघता रोज केलेली माझी सहीसुद्धा."

अर्जुनानं रेघ मारली. शेजारी बारा लिहिलं, आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.