गिअरच्या दांड्यांची लुगडी

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. ट्रॅक्टरच्या गिअरचे दांडे करतो. दांडा एकदा चकचकीत झाला की त्यावर ओरखडा चालत नाही, म्हणून प्रत्येक दांडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून, थर्मोकोलमध्ये बसवून पुण्याच्या कंपनीला जायचा. काही वर्षांपूर्वी कंपनीनं कळवलं, यापुढे दोन्ही बंद. कचरा होईल असं काही पाठवू नका.

आमच्या ह्यांनी आधी खोक्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, भरून पाहिलं. मऊ आणि घरच्या शेतातलं. दांडे सुखरूप पोहोचले, पण तिकडच्या माणसांना शिंका आवरेनात. कुटार बाद झालं.

तेव्हा मला पातूरच्या आपा आठवल्या. आमच्या गाद्यांच्या खोळी त्याच शिवतात. एक दांडा पिशवीत घालून मी एस.टी.नं पातूरला गेले. आपांनी तो हातात फिरवून पाहिला.

"याले कपडे शिवाचे हायेत का, ताई?"

"हो. पण नवं कापड नको, जुनंच घ्या."

"मंग लुगडी हायेत ना. भांडेवाली भांड्याच्या बदल्यात ढिगानं आणून राहिली, घेनारं कोनी नाही."

थोड्याच दिवसांत सुती लुगड्यांच्या लांबट पिशव्या आल्या. तोंडाशी नाडी, काहींवर काठ, काहींवर बुट्टे. दांडे त्यांत घालून पाठवायचे आणि रिकाम्या पिशव्या त्याच गाडीनं परत आणायच्या, असं ठरलं. सुरुवातीला आल्याही. पावसाळा लागला तशा त्या घटायला लागल्या. ह्यांनी फोन केला, तर कंपनीच्या स्टोअरचा माणूस हळूच म्हणाला, "साहेब, त्यात छत्री अगदी बरोबर बसते हो."

हे चिडले आणि तक्रारीचा मेल लिहायला बसले. मी आपांना सांगितलं. त्याही चिडतील असं वाटलं होतं, पण त्या चांगल्याच खूश झाल्या.

"पुन्याच्या लोकाईले आपलं शिवनं आवडलं म्हना. भांडता काहून? त्याईले एकेक देऊन टाका. मी शिवून देतो."

पुढच्या गाडीत छत्र्यांच्या पिशव्यांचा वेगळा गठ्ठा गेला. ह्यांचा मेल राहूनच गेला. त्यानंतर आमच्या पिशव्या नीट घडी घालून यायला लागल्या. एकदा त्यांच्यासोबत एक गाठोडंही आलं. कंपनीत काम करणाऱ्या बायकांनी आपल्या जुन्या साड्या पाठवल्या होत्या.

मी गाठोडं पातूरला नेलं. आपा एकेक साडी उलगडून उजेडात धरत होत्या, विरलेला भाग बाजूला काढत होत्या. एक गर्द हिरवी, रुंद काठाची इरकल हाती लागली तेव्हा त्या थांबल्या. कुठं विरलेली नव्हती, फाटलेली नव्हती.

"हे काई कापत नाई मी," असं म्हणून त्यांनी ती घडी करून कपाटात ठेवली आणि कात्री घेऊन पुढच्या साडीला लागल्या.